टिकाराम रस्त्यातच आहे

राईस मिलमध्ये काम करणाऱ्याच्या अंगावर कोंडा बसतो. तो काही मुद्दाम लावून घेत नाही, आपोआप बसतो. माझ्याकडे किस्से तसेच जमतात. मी मोहाडीत एका केबल-इंटरनेटच्या ऑफिसात फोन उचलते. ऑफिस म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरचा एक गाळा. आत एक टेबल, एक कूलर, वायरची वेटोळी आणि आम्ही तिघं. मालक धनराजभाऊ, लाईनमन टिकाराम आणि मी. मला सगळे मॅडम म्हणतात. नाव विचारायची कोणाला फुरसत नसते. घरचं नेट गेलेला माणूस फोन करतो तेव्हा घरात कोणी चक्कर येऊन पडल्यासारखा त्याचा आवाज असतो.

लोक मला म्हणतात, नेट दुरुस्तीत हसण्यासारखं काय आहे? मी म्हणते, एक दिवस माझ्या खुर्चीत बसून पाहा बाप्पा!

आधी टिकारामचं सांगते, कारण तो सगळ्या किस्स्यांत आहे. माणूस लाखात एक. खांबावर सरसर चढतो, कोणाशी भांडत नाही, केबल कुठं तुटली असेल ते गावाचं नाव ऐकून अंदाजानं सांगतो. खोट एकच. त्याला कधीही फोन करा, उत्तर ठरलेलं, "रस्त्यातच आहो." चहाच्या टपरीवर असो, कोणाच्या छपरावर असो, नाहीतर अजून आंघोळच व्हायची असो, तो रस्त्यातच असतो. याला खोटं तरी कसं म्हणावं? तो खरंच दिवसभर कुठल्या ना कुठल्या रस्त्यात असतो. फक्त आपल्या रस्त्यात नसतो.

त्याची आई जनाबाई. तो तिचा फोन उचलत नाही म्हणून ती रोज दुपारी ऑफिसला फोन करायची. "मॅडम, टिकारामले म्हणा, भात झाला." मी त्याला कळवायची. तो म्हणायचा, सांगा तिले, रस्त्यातच आहो. मग तो भात थंड व्हायचा, टिकाराम संध्याकाळी घरी जायचा आणि तोच भात फोडणी देऊन खायचा. जनाबाईची एकच आस होती. पोराचं लगन व्हावं, घरात सून यावी, म्हणजे हा टायमावर जेवायला घरी येईल. तिशी कधीच उलटली होती आणि जमत काही नव्हतं. आमच्या ऑफिसात नेटच्या तक्रारींखालोखाल चर्चा कशाची असेल, तर टिकारामच्या लग्नाची.

अडचण एका शब्दाची होती. मुलगा लाईनमन आहे म्हटलं की पोरीवाले खूश व्हायचे. "परमनंट आहे का?" लगेच विचारायचे. त्यांना वाटायचं विजेच्या ऑफिसातला, सरकारी. मग कोणीतरी सांगायचं, तो लाईनमन नाही जी, नेटचा लाईनमन. की झालं. पुढचा प्रश्नच येत नसे.

*

माझ्या नोकरीतला पहिला किस्सा याच महिन्यातला म्हणावा इतका ताजा वाटतो मला. जवळच्या गावातून एका बाईचा फोन आला. आवाज शांत.

"मॅडम, नेट गेलं जी."

मी माझे ठरलेले प्रश्न सुरू केले. नेटच्या डब्याची लाईट हिरवी आहे की लाल? ती म्हणाली, लाईटच दिसत नाही. वायर बसली आहे का? म्हणाली, वायर आहे, भिंतीवर लोंबून राहिली. मी म्हटलं, बरं, नेट नेमकं कधी गेलं?

"सकाळच्या गाडीनं गेलं. नागपूरले."

तिचा मुलगा शिकायला नागपूरला गेला होता. खोलीवर नेट नाही म्हणाला, म्हणून माउलीनं चिवड्याच्या डब्याबरोबर राउटर पण बांधून दिला. नेट डब्यातच असतं ना! तो तिकडं खोलीत डब्याची पिन लावून बसला होता आणि ही इकडं वायर पाहत बसली होती. पुढच्या खेपेला येताना पोरानं राउटर परत आणला. चिवड्याचा डबा मात्र तिकडंच राहिला, याचं तिला जास्त वाईट वाटलं.

*

आमच्याकडे वीज गेली असं कोणी म्हणत नाही. लाईन गेली म्हणतात. त्यामुळे तक्रार आली की मी आधी विचारते, लाईन आहे का? कारण वीज नसेल तर राउटर बिचारा काय करणार?

एका म्हाताऱ्या काकाजींची तक्रार होती, नेट सारखं ये-जा करून राहिलं. त्यांचा फोन कट झाला, म्हणून थोड्या वेळानं मीच लावला. मागून बराच गोंगाट ऐकू येत होता.

"काकाजी, लाईन आहे का?"

"आहे ना जी. लई मोठी आहे."

मला काही कळेना. मोठी म्हणजे? व्होल्टेज वाढलं की काय? मी घाबरून म्हटलं, काकाजी, मग आधी बटन बंद करा. तर म्हणाले, "बटन कायचं बंद करू? माझा नंबर येऊन राहिला आता."

काकाजी रेशनच्या दुकानात उभे होते.

*

आमच्या एका रिटायर्ड गुरुजींचं नेट दिवसातून अनेकदा जायचं. टिकाराम तीनदा जाऊन आला. तो तिथं पोहोचला की नेट एकदम झकास. तो निघाला की बंद. गुरुजी आम्हाला फोनवर शिस्त शिकवायचे. वर्गात मास्तर असेपर्यंत शांतता आणि मास्तर गेला की गोंधळ, हे तुमच्या नेटचं लक्षण आहे म्हणायचे. मी मुकाट्यानं ऐकून घ्यायची. गुरुजींनी आमच्या धनराजभाऊंना पाढे शिकवलेले, बोलणार कोण?

शेवटी टिकाराम तिथं चहा पीत बसून राहिला. चहा संपला तरी उठेना. गुरुजींची चुळबुळ सुरू झाली. बऱ्याच वेळानं ते उठले, गोदरेजचं असतं तसल्या लोखंडी कपाटाचं दार लावलं आणि किल्ली फिरवून जानव्याला अडकवली. नेट गेलं. राउटर कपाटात होता! महागाची वस्तू, चोरीला गेली तर काय, म्हणून ते ती कपाटात ठेवत. लाईनमन येणार असला की त्याला दिसावी म्हणून दार उघडं.

टिकारामनं समजावलं, गुरुजी, लोखंडातून नेट बाहेर येत नाही, कपाट उघडं ठेवा. गुरुजी म्हणाले, आणि चोर आला तर?

"नेऊ द्या ना जी. चोराले पासवर्ड कुठं माहीत आहे?"

हे गुरुजींना फार पटलं. त्यांनी राउटर बाहेर खिडकीत ठेवला. मग पासवर्ड बदलला आणि तो घरात कोणालाच सांगितला नाही. आता त्यांच्या सूनबाईचा फोन येतो.

*

दोरीचा किस्सा मी माहेरी गेले की हमखास सांगावा लागतो. एका घरचं नेट रोज सकाळी कपडे धुण्याच्या वेळेला मंद व्हायचं, मग बंद पडायचं आणि दुपारी ऊन चढलं की आपसूक यायचं. धनराजभाऊ म्हणाले, उन्हानं चालणारं नेट पहिल्यांदाच ऐकतो, सोलर आहे का?

टिकाराम सकाळीच जाऊन पोहोचला. अंगणात आमची केबल खांबापासून भिंतीपर्यंत ताणलेली होती आणि तिच्यावर ओल्या साड्या, चादरी, सगळ्यांत शेवटी एक गोधडी. वजनानं केबल पार कमरेत वाकलेली. तिच्या आतल्या काचेच्या तारेला जास्त वाक सहन होत नाही. कपडे वाळले की केबल हलकी होऊन वर जायची, नेट चालू.

घरच्या वहिनी काही वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, तुमचीच तार घरात येऊन राहिली, मंग दुसरी दोरी कायले बांधू? टिकाराम कधी वाद घालत नाही. त्यानं गाडीच्या डिक्कीतून नायलॉनची दोरी काढली, पलीकडच्या झाडाला ताणून बांधून दिली आणि कपडे स्वतः इकडून तिकडं टाकले. नेट ठणठणीत झालं.

आठवडाभरानं त्याच वहिनींचा फोन आला. मी विचारलं, वहिनी, आता नेट कसं आहे?

"नेट तं एकदम चांगलं आहे जी. पण ते दोरी तुटली. माणूस पाठवा."

टिकाराम गेला. रस्त्यातच होता.

*

आता जरा गंभीर. तुमसरकडचे एक पाहुणे टिकारामचं घर पाहायला येणार होते. वडील, काका आणि मधला माणूस. हे लोक समजूतदार होते. नेटचा लाईनमन हे ऐकूनही येतो म्हणाले होते. जनाबाईनं सकाळपासून अंगण सारवलं, रांगोळी काढली. धनराजभाऊंनी टिकारामला सुटी दिली. मी बजावलं, आज फोन बंद ठेव. तो हो म्हणाला.

फोन बंद ठेवेल तर तो टिकाराम कसला! पलीकडच्या गावात एका पोरीची ऑनलाइन परीक्षा होती आणि ऐन वेळी नेट गेलं. तिच्या बापानं रडक्या आवाजात फोन केला. टिकाराम खांबावर चढायची सिडी घेऊन निघाला. पाहुणे आले, पाणी झालं, पोहे झाले, चहा झाला. जनाबाई मला फोन लावायची, मी टिकारामला, उत्तर यायचं, रस्त्यातच आहो. पाहुण्यांनी पुन्हा एकदा चहा घेतला आणि मग वडील उठले. ज्याले आपलं लगन लक्षात राहत नाही त्याले पोरगी काय लक्षात राहीन, असं म्हणून गाडीत बसले.

गावाबाहेर रस्त्यात एक सिडी आडवी उभी. वर खांबावर कोणी माणूस. वडिलांनी आधीच तापलेल्या डोक्यानं खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं आणि ओरडले, कोण आहे रे तो, सिडी हटव!

वरून अदबीनं उत्तर आलं, "पाच मिनिटं थांबा जी. एका पोरीचा पेपर सुरू आहे."

पाहुणे थांबले. टिकाराम खाली उतरला, सिडी बाजूला घेतली, हात जोडले, पाहुण्यांनीही मान हलवली आणि गाडी निघून गेली. कोणी कोणाला ओळखलं नाही. त्या वडिलांनी म्हणे घरी जाऊन सांगितलं, पोरगा काही भेटला नाही, पण रस्त्यात एक चांगला माणूस भेटला.

जनाबाई त्या दिवशी जेवली नाही. मला फोनवर एवढंच म्हणाली, "मॅडम, हा माहा पोरगा साऱ्या गावाच्या घरी जाते. आपल्या घराचा रस्ता कोणी दाखवा याले." मला फार वाईट वाटलं. धनराजभाऊंनी टिकारामला इतकं झापलं की शेजारचा भांडेवाला पाहायला आला. टिकाराम खाली मान घालून ऐकत होता. मधेच त्याचा फोन वाजला आणि तो हळूच म्हणाला, रस्त्यातच आहो.

*

पण ज्याचं त्याचं नशीब असतं. सानगडीचं एक स्थळ आलं. मुलीचं नाव हेमलता. घरीच ब्लाउज शिवायचं काम करते, हात चांगला आहे, बोलायला चटपटीत. मोहाडीत राहणारे तिचे मामा मधे होते. पण टिकारामची कीर्ती त्यांच्या साकोली तालुक्यापर्यंत पोहोचली होती. मुलीचे वडील म्हणाले, पोरगा घरी सापडत नाही म्हणे. तवा एवढं पेट्रोल जाळून येण्यापेक्षा आधी व्हिडिओ कॉलवर पाहू.

आता गंमत पाहा. साऱ्या मोहाडीला नेट पुरवणाऱ्या टिकारामच्या घरी नेट नव्हतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग ठरलं, कॉल आमच्या ऑफिसातून करायचा. आमच्यासारखं नेट दुसरीकडं कुठं मिळणार? मी टेबल पुसलं, वायरची वेटोळी पडद्यामागं ढकलली. धनराजभाऊंनी कॉम्प्युटरला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. टिकारामच्या अंगावर नवा शर्ट, शेजारी जनाबाई ठेवणीतल्या लुगड्यात. मी टिकारामचा मोबाइल काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरवर हात ठेवून बसले.

कॉल छान सुरू झाला. वडिलांनी शेतीचं विचारलं, त्या दिवशी सानगडीला गेलेल्या मामांनी टिकारामची तारीफ केली. मग वडील म्हणाले, पोरीले काही विचाराचं असन तं विचारू द्या. हेमलता समोर आली. लाजली नाही, काही नाही. सरळ स्क्रीनकडे पाहून म्हणाली, "एकच विचारायचं आहे. दुपारी जेवाले घरी येता का?"

आणि नेट गेलं.

धान कापून झाल्याचे दिवस होते. तणसानं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं, घरासारखी उंच भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रस्त्यावरून गेली आणि आमची केबल सोबत घेऊन गेली. स्क्रीनवर हेमलताचा चेहरा तसाच थांबलेला, प्रश्न विचारून झालेला. राउटरवर लाल लाईट. टिकारामनं ती लाईट पाहिली आणि सवयीनं उठला. धनराजभाऊ म्हणतायत, अरे, बस, मोबाइलवरून लावू! पण तो सिडी घेऊन बाहेर.

इतक्यात ऑफिसचा फोन वाजला. माझ्या डोक्यात सगळा गोंधळ. उचलला आणि तोंडातून नेहमीचंच निघालं, बोला, नेट गेलं का?

पलीकडून मुलीचा आवाज आला, "हो जी. बोलता बोलता गेलं."

"कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?"



"अजून तं कोणाच्याच नावावर नाही जी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हेमलता! मामांकडून ऑफिसचा नंबर घेऊन तिनं स्वतः फोन लावला होता. मला हसू आवरेना. तिनं विचारलं, ते गेले कुठं? मी बाहेर पाहिलं. भर रस्त्यात सिडी, सिडीवर टिकाराम, नव्या शर्टावर आणि केसांत तणीस, दोन्ही हातांनी केबल जोडतोय. मी म्हटलं, रस्त्यातच आहे. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहून बोलले.

"येऊ द्या मंग," ती म्हणाली. "मी थांबून आहो."

नेट आलं. टिकाराम तसाच, डोक्यात तणीस घेऊन, खुर्चीत येऊन बसला. तो तोंड उघडणार तेवढ्यात जनाबाईच पुढं झुकली. तिच्या मनात तो प्रश्न तोवर घोळतच होता. म्हणाली, "नाही येत, माय. खोटं कायले सांगू? मी तं बोलावून बोलावून थकली. आता तूच बोलावून पाहा."

धनराजभाऊंनी डोक्याला हात लावला. मला वाटलं, गेलं हेही स्थळ. स्क्रीनवर वडील मामांकडे पाहायला लागले. हेमलता मात्र ओढणीत तोंड लपवून हसत होती.

*

लगन सानगडीला झालं. वरात निघाली तेव्हा नवरदेव होता, हे मी मुद्दाम सांगते. फोन धनराजभाऊंच्या खिशात होता.

धनराजभाऊंनी आहेरात टिकारामच्या घरी नेटचं कनेक्शन दिलं. नवा राउटर, नवी केबल, टिकारामनं स्वतःच्या हातानं ओढलेली. आता दिव्याखाली उजेड पडला म्हणून आम्ही सगळे खूश.

नव्याची नवलाई संपली आणि टिकाराम पुन्हा रस्त्यात राहायला लागला. काही दिवसांनी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. हेमलता. "मॅडम, नेट गेलं जी." मी टिकारामला फोन केला. तक्रार म्हटल्यावर तो कुठंही असला तरी जातो, आणि ही तर त्याच्याच घरची. लगेच गेला. बऱ्याच वेळानं परत आला, म्हणाला, झालं चालू. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. जनाबाईचा फोन यायचा त्याच सुमाराला. जनाबाईचा फोन मात्र आताशा येत नव्हता, म्हातारीला आराम मिळाला म्हणून मला बरं वाटलं.

टिकारामनं अडॅप्टर बदलला. खांबावरचा जोड नव्यानं केला. राउटर बदलला. रोज दुपारी जायचा आणि तोंड पुसत परत यायचा. म्हणायचा, मॅडम, फॉल्ट सापडून नाही राहिला. पण मी पाहिलं, चिडलेला काही नव्हता. उलट थोडा अंगानं भरला होता.

चिडले धनराजभाऊ. आपल्याच लाईनमनच्या घरचं नेट रोज भर दुपारी जाते, लोकायले समजलं तं धंदा बसन, म्हणाले. आज मी स्वतः जाऊन पाहतो. ते गाडीची किल्ली शोधत होते तेवढ्यात फोन वाजला. मी त्यांना हातानं थांबवलं आणि सगळं नीट विचारायचं ठरवलं.

"हेमलता, राउटरवर कोणती लाईट आहे? हिरवी की लाल?"

"एकही नाही जी."

"मग पिन बसली आहे का ते पाहा."

"पिन तं माझ्या हातात आहे."

"अगं, मग लाव ना!"

"लावीन ना जी. पहिले त्यायले येऊ द्या. भात झाला."